जवसाच्या तेलातलं लुगडं

चांदवडच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याला वडाळदरी नावाचं गाव आहे. तिथं वाल्मीक सुतार राहायचा. हाताचा कसबी, जिभेचा गरीब. कुणी चार शब्द जास्त बोललं तरी हा मान खाली घालून रंधा मारत राहायचा. गाव म्हणायचं, वाल्मीक म्हणजे देवमाणूस. कसला देवमाणूस हो! आपल्याकडं गप्प बसणारा दिसला की त्याला लगेच देवमाणूस करून टाकतात. त्या गप्प बसण्यापायी एका माणसाचं काय झालं, ते कुणी विचारत नाही. मी तेच सांगणार आहे.

गावची देवी डोंगरजाई. तिचा सागवानी रथ होता, दोन पुरुष उंच, चार चाकांचा. चैत्रात यात्रेला तो निघायचा आणि त्याच्या आठ दिवस आधी त्याला तेल द्यायचा मान सुताराच्या घराचा. तेलही कसलंतरी चालायचं नाही. जवसाचंच. करडईचं किंवा शेंगदाण्याचं तेल लाकडावर चिकट बसून राहतं आणि धूळ धरतं. जवसाचं तेल लाकडात मुरतं आणि वाळतं, वर कडक पापुद्रा येतो. मग ऊन लागो, पाऊस लागो, लाकूड हलत नाही. त्या वेळी जवस गावात घरोघर व्हायचा. हरभऱ्याच्या शेताला कडेनं चार-पाच ओळी जवसाच्या पेरायच्या, कारण गुरं जवसाला तोंड लावत नाहीत आणि आतला हरभरा वाचतो. पौषात सकाळी त्या कडा निळ्या व्हायच्या आणि दुपारपर्यंत पाकळ्या मातीत पडलेल्या असायच्या. दाणे निघाले की प्रत्येक घरातून शेरभर जवस देवळात यायचा आणि चांदवडच्या गोटीराम तेल्याच्या घाण्यावर जायचा.

तेल पुसायचं कापडही ठरलेलं होतं. देवीला वर्षभर जी सुती लुगडी चढायची, त्यातली जुनी फाडून त्यांचे तुकडे करायचे. दुसरं फडकं रथाला लागू द्यायचं नाही, अशी रीत होती.

वाल्मीकचा बाप गेणू सुतार. म्हातारा चिमूटभर मुरदाडशिंग, म्हणजे शिशाचं भस्म, घालून तेल कढवायचा, म्हणजे ते लवकर वाळायचं. रथ पुसून झाला की लुगड्याचे तेलकट तुकडे घेऊन तो देवळामागच्या बाभळीच्या कुंपणावर एकेक वेगळा पसरायचा. एकाला दुसरा लागू द्यायचा नाही. चार दिवसांनी तुकडे कडक झाले की नदीकाठी नेऊन एकेक करून जाळायचा. वाल्मीकनं एकदा विचारलं होतं, "बाबा, असं का करायचं?"

"असंच करायचं असतं," म्हातारा म्हणाला. "माझ्या बापानं सांगितलं, मी करतो. मी सांगतो, तू कर."

आता यात सांगण्यासारखं काही होतं का? असेलही. पण गेणूला स्वतःलाच ते ठाऊक नव्हतं.

देवळात झाडलोट करायला आक्काबाई नावाची एक सोवळी बाई होती. देवीला लुगडं नेसवायचं काम तिच्याकडं. एका वर्षी तिनं ते कुंपण पाहिलं आणि तिचा पारा चढला. "देवीच्या अंगावरचं लुगडं काट्यावर टाकता? तुमच्या आईचं टाकाल का असं?" सगळ्यांसमोर ती गेणूला बोलली. म्हातारा हसला आणि आणखी एक तुकडा काट्यावर पसरला. वाल्मीक मात्र शरमेनं अर्धा झाला.

त्याच थंडीत गेणू गेला. चौऱ्याण्णव सालच्या चैत्रात वाल्मीकनं पहिल्यांदा एकट्यानं रथाला तेल दिलं.

एकट्यानं म्हणजे सोबत भिका होता. भिका पेठकडचा, कोकणा समाजातला. भात निघालं की तो आणि त्याची बायको भागीबाई कांदे काढायला वडाळदरीत यायचे, धनराज पाटलाच्या खळ्यात राहायचे आणि पावसाच्या तोंडावर माघारी जायचे. आठ वर्षं हे चाललं होतं. भिकाला रथाचं फार वेड. कांद्याच्या कामातून सुटला की रथघरात यायचा, चाकांची माती खरवडायचा, तेलाचा डबा धरायचा. त्यासाठी त्यानं कधी काही मागितलं नाही. वाल्मीकचं आणि त्याचं छान जमायचं, कारण दोघांनाही बोलायची सवय नव्हती.

त्या दिवशी सकाळपासून दुपारपर्यंत दोघांनी रथ पुसून काढला. लुगड्याचे तेरा तुकडे तेलानं चिंब झाले. वाल्मीक ते घेऊन कुंपणाकडं निघाला आणि मध्येच थांबला. आक्काबाईचे शब्द त्याच्या कानात होते. देवीचं वस्त्र काट्यावर कशाला? तो परत आला, तेरा तुकड्यांच्या नीट घड्या घातल्या, एकावर एक ठेवून गच्च गाठोडं बांधलं, वर हळदकुंकू वाहिलं आणि रथात देवी बसते त्या आसनाखालच्या पेटीत ठेवून दिलं. हात जोडले. बापाला जे सुचलं नाही ते आपल्याला सुचलं, याचं त्याला बरं वाटलं.

दाराला कडी लावून दोघं बाहेर पायरीवर बसले. भिकानं कानावरची बिडी काढली आणि खिसे चाचपले. "दादा, काडी हाय का?"

वाल्मीकनं आपली काडेपेटी काढली, बिडी पेटवून दिली आणि काडेपेटी खिशात टाकली. भिकानं अर्धी बिडी ओढली, पायरीवर घासून विझवली आणि उरलेली पुन्हा कानावर ठेवली. "मी हितंच पडतो दादा. तुमी जेवून या."

वाल्मीक घरी गेला, जेवला, लवंडला. उन्हं कलायच्या सुमाराला आरडाओरडा ऐकू आला. तो धावत गेला तेव्हा रथघराच्या पत्र्यातून काळा धूर निघत होता आणि आत रथ पेटला होता. तेल प्यायलेलं सागवान ते! विहिरीचं पाणी आणेपर्यंत चाकं उरली नाहीत. लोकांनी आतून भिकाला ओढून काढलं. तो रथाचा दोर धरून रथ बाहेर ओढत होता, एकटा. दोन्ही हातांचे तळवे भाजून सोलले होते.

गाव रडत होतं. आणि रडणारं गाव फार लवकर कुणालातरी शोधतं. आत कोण सापडला? भिका. हात कुणाचे भाजले? भिकाचे. आणि त्याच्या कानावर काय होतं? अर्धी जळकी बिडी! धनराज पाटलानं पहिली थप्पड मारली. मग कुणी किती मारलं याचा हिशोब राहिला नाही.

"माझ्याकडं काडीपेटी नाय हो!" भिका ओरडत होता. "दादानं काडी दिली व्हती! भाईर! दादाला इचारा!"

पाटलानं हात थांबवला आणि वाल्मीककडं वळला. "काय रे वाल्मीक? खरं बोलतोय का हा?"

सगळ्यांच्या माना वळल्या. काडेपेटी वाल्मीकच्या खिशात होती, मांडीला लागत होती. ती काढून दाखवली की भिका सुटला असता. पण मग प्रश्न पुढं गेला असता: काडेपेटी तुझ्याकडं, आत तू होतास, पेटीत गाठोडं तू ठेवलंस, मग आग कुणी लावली? वाल्मीकला त्याचं उत्तर माहीत नव्हतं. त्याला फक्त भीती वाटली.

"मला नाय आठवत," तो म्हणाला.

भागीबाई गर्दीच्या कडेला उभी होती. ती वाल्मीककडं पाहत राहिली. दोघा नवराबायकोला त्याच दिवशी गावाबाहेर काढलं. भिकाचे हात ओल्या फडक्यात गुंडाळलेले होते आणि सगळं सामान भागीबाईच्या डोक्यावर होतं.

त्यानंतर अकरा वर्षं देवी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून निघाली. ट्रॉलीला झेंडूच्या माळा बांधायचे, पण यात्रेत जीव नव्हता. वाल्मीकनं स्वतःची समजूत घालून ठेवली होती. भिकानं दुसरीकडून काडी मिळवली असेल. परत आत गेला असेल. माणूसच आहे, चूक झाली असेल. रोज थोडं थोडं म्हटलं की खोटंही अंगवळणी पडतं. पण त्यानं बिडी सोडली आणि खिशात काडेपेटी ठेवणंही सोडलं. त्याची बायको चिमणाबाई देवापुढं दिवा लावताना म्हणायची, "अहो, जरा काडी द्या," तर हा उठून बाहेर जायचा. तिला वाटायचं, रथाचं दुःख आहे.

दोन हजार चारला गावानं नवा रथ करायचं ठरवलं आणि काम अर्थातच वाल्मीककडं आलं. वर्षभर खपून त्यानं तो उभा केला. आता तेल हवं. पण गावात जवस कुठं उरला होता! सगळीकडं कांदा, नाहीतर द्राक्षाचे मांडव. हरभराच नाही तर त्याची कड कुठली? साळूबाई म्हणून एक म्हातारी तेवढी चटणीपुरता आणि नातसुनांच्या बाळंतपणातल्या लाडवांपुरता दोन ओळी जवस अजून लावत होती. तिनं होता तेवढा दिला, बाकीचा गोटीरामनं बाजारातून आणून गाळला.

रथाला हात लावायच्या आधी वाल्मीकनं एक सुटं चाक अंगणात घेतलं आणि बापासारखं तेल कढवून त्याला दिलं. घरातली जुनी फडकी वापरली आणि काम झाल्यावर ती पाटीत कोंबून पडवीत सरकवली. मग जेवायला बसला.

"अहो," चिमणाबाई बाहेरून म्हणाली, "तुमच्या पाटीतून धूर येतोय."

तो हात न धुताच उठला. पडवीत ना चूल, ना दिवा, ना कुणी बिडी ओढणारं. पाटीतून पांढरा धूर निघत होता आणि तेलाचा उग्र वास सुटला होता. त्यानं फडक्यांच्या मध्ये हात घातला. वरची फडकी गार होती. आतली तव्यासारखी तापली होती. त्यानं ती ओढून बाहेर काढली, तसा वारा लागला आणि त्याच्या डोळ्यांसमोर ती भडकून पेटली.

बापाचं बाभळीचं कुंपण वाल्मीकच्या डोळ्यांपुढं आलं. एकेक तुकडा वेगळा, एकाला दुसरा न लागू देता.

दुसऱ्या दिवशी तो चांदवडला गोटीरामकडं गेला. गोटीराम म्हणाला, "त्यात नवल काय? जवसाचं तेल वाळताना ऊब धरतं. उघड्यावर असलं तर ती वाऱ्यावर जाते, ढीग केला तर आतल्या आत वाढत जाते. माझ्या बापाच्या घाण्यावर एकदा असंच पेटलं होतं."

"मग कधी सांगितलं का नाही?"

"सुताराला तेलाचं सांगायला जाऊ का मी? आणि तुमच्या रथाचं म्हणशील, तर गावानं सांगितलं बिडीनं पेटला. मला कुणी इचारलं?"

वाल्मीक तिथून थेट धनराज पाटलाकडं गेला. पाटील आता थकला होता, काठी टेकत चालायचा. त्यानं सगळं ऐकून घेतलं. "वाल्मीक, झालं गेलं. नवा रथ उभा राहिलाय. पंधरा दिवसांवर यात्रा आली. आता हे उकरून कुणाचं भलं होणार हाय?"

"भिकाचं," वाल्मीक म्हणाला. उभ्या आयुष्यात पाटलाला त्यानं दिलेलं हे पहिलं उलट उत्तर.

पेठची एसटी धरून, पुढं दोन कोस चालून तो पाड्यावर पोचला. भागीबाई अंगणात नागली पाखडत होती. केस पिकले होते, पण नजर तीच होती. तिनं त्याला ओळखलं. बस म्हणाली नाही. सूप हातातच राहिलं.

"भिका कुठंय?"

"त्याला जाऊन दोन वर्सं झाली," ती म्हणाली.

मग तिनं जे सांगितलं ते असं. भिकाचे हात कधी नीट मिटले नाहीत. विळा धरता यायचा नाही. कांद्याच्या गावांना ही गोष्ट पोचली होती, मुकादम त्याला टोळीत घ्यायचे नाहीत. म्हणायचे, देवाचा रथ जाळला यानं, शेतात कशाला आणता. पुढं पाड्यावरची पोरंही त्याला रथजाळ्या म्हणू लागली. ती एकटी कमवायची, तो घरी बसायचा. सण आला की घराबाहेर पडायचा नाही.

वाल्मीक तिच्यासमोर मातीत बसला आणि रडला. मग त्यानं गाठोड्याचं सगळं सांगितलं. तिनं मध्येच थांबवलं नाही, पाणीही दिलं नाही. शेवटी तो म्हणाला, "बाई, तुम्ही गावात चला. मी सगळ्यांसमोर दाखवतो."

आठ वर्षं तो तिला अगंतुगं करत आला होता. तिनं सूप खाली ठेवलं. "येते," म्हणाली.

तेल द्यायच्या दिवशी गाव देवळापुढं जमलं. नवा रथ सकाळभर पुसून झाला. वाल्मीकनं तेलानं चिंब झालेले लुगड्याचे तेरा तुकडे घेतले, घड्या घातल्या, गच्च गाठोडं बांधलं आणि मोकळ्या जागेत दगडी पाट्यावर ठेवून दिलं. "आता कुणी जवळ जाऊ नका," तो म्हणाला. "बसा सगळे. अकरा वर्षांपूर्वी मी हेच रथात ठेवलं होतं."

लोक बसले. तास गेला. काही झालं नाही. पोरं कंटाळून खेळायला गेली. दुसरा तास गेला. कुणीतरी हसलं. कुणी म्हणालं, मिस्तरीचं डोकं फिरलंय, उन्हात बसवून ठेवलंय. वाल्मीकला वाटलं, हे पेटलं नाही तर? तर भिका कायमचा रथजाळ्या राहणार होता. त्यानं भागीबाईकडं पाहिलं. ती पाट्यापासून दहा हातांवर बसली होती, डोक्यावर पदर घेऊन, गाठोड्यावरची नजर न काढता.

तिसऱ्या तासाला आक्काबाईनं नाकाला पदर लावला. "वास येतोय," ती म्हणाली. पार म्हातारी झाली होती, पण नाक तिखट होतं.

गाठीतून धुराची एक बारीक रेघ निघाली. मग दुसरी. कापड मधोमध तपकिरी झालं, मग काळं, आणि एकदम फस्सकन जाळ वर आला. बायका ओरडून मागं सरकल्या. भागीबाई जागची हलली नाही.

आक्काबाई रडायला लागली. "मीच बोलले होते गेणूला. काट्यावर टाकू नका म्हणून मीच बोलले होते."

धनराज पाटील काठीवर भार देऊन उठला. त्याचे डोळे ओले होते, पण चेहऱ्यावर एक सुटकाही होती. "म्हणजे कुणाचाच दोष नव्हता रे. ना त्याचा, ना आपला. तेलानंच घात केला. देवीची मर्जी, दुसरं काय!" सगळ्यांनी माना हलवल्या. कुणाचाच दोष नव्हता, कुणाचाच नव्हता, असं एकमेकांना सांगत लोक उठायला लागले. कुणीतरी म्हणालं, बाईला लुगडं-चोळी द्या, नारळ द्या, मानानं पाठवू.

वाल्मीकच्याही छातीवरचं ओझं तेवढ्यापुरतं उतरलं. कुणाचाच दोष नाही! किती बरं वाटतं ते ऐकायला. तोही उठणार होता.

"दादा," भागीबाई म्हणाली. आवाज मोठा नव्हता, तरी सगळे थांबले. "तेलाचं समजलं. आन काडीपेटी?"

वाल्मीक उठून उभा राहिला. पाट्यावर गाठोडं जळून ढासळत होतं. तिनं एवढंच विचारलं होतं, आणि अकरा वर्षांत त्याला हे विचारणारी ती पहिली होती. तेलाचं त्याला ठाऊक नव्हतं, ते खरं. काडेपेटीचं ठाऊक होतं.

"माझ्या खिशात होती," तो म्हणाला.

"मोठ्यानं सांगा दादा. मागच्यांना ऐकू गेलं नाय."

तो गावाकडं वळला. पाटील, आक्काबाई, देवळाच्या दारात उभी असलेली चिमणाबाई, सगळे त्याच्याकडं पाहत होते. अकरा वर्षांपूर्वी पाहिलं होतं तसंच.

"काडेपेटी माझ्या खिशात होती," वाल्मीक ओरडून म्हणाला. "भिकाकडं नव्हती. तुम्ही त्याला मारत होता तेव्हा ती माझ्या खिशात होती, आणि मला आठवत होतं. सगळं आठवत होतं."

पाटील खाली बसला. भागीबाई उठली, पाट्याजवळ गेली. राख निवेपर्यंत उभी राहिली आणि मग तिनं चिमूटभर राख पदराच्या टोकाला बांधली. नारळ घेऊन आलेल्या माणसाकडं तिनं पाहिलंही नाही.

"पाड्यावर त्याच्या नावाचा दगड हाय, त्यापाशी ठेवते," ती वाल्मीकला म्हणाली, "आन तुमी बोललात ते सांगते."

ती एसटीच्या रस्त्याला लागली. वाल्मीकनं डब्यापाशी उरलेले तेलकट तुकडे उचलले आणि देवळामागं गेला. बाभळीचं कुंपण अजून होतं. तो एकेक तुकडा वेगळा करून काट्यावर पसरू लागला.